‘ऑब्स्ट्रक्टिव्ह’ हा शब्द माणसासाठी वापरला की नेमका काय आरोप होतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या एका कंपनीत खरेदी विभागात काम करणाऱ्या एका बाईंच्या वार्षिक मूल्यमापनात लंडनच्या मॅनेजरने एक वाक्य लिहिलं आहे: ‘शी कॅन बी ऑब्स्ट्रक्टिव्ह ॲट टाइम्स.’ शब्दकोशात त्यांना ‘अडथळा आणणारा’ एवढाच अर्थ मिळाला. त्या म्हणतात, “मी फक्त मंजुरी नसलेल्या फायली पुढे सोडल्या नाहीत. हा शब्द ‘अनहेल्पफुल’पेक्षा कडक आहे का? याला उत्तर काय द्यायचं? आणि माझ्या टीममधल्या एका मुलाबद्दल मलाही अहवाल लिहायचा आहे, तिथे हाच शब्द वापरला तर चालेल का?”

हो, कडक आहे, आणि ‘अनहेल्पफुल’पेक्षा बराच कडक. तुम्ही सांगता तेवढंच घडलं असेल तर तो तुमच्या बाबतीत चुकीचा वापरला गेलाय असं माझं स्पष्ट मत आहे. मी इंग्रजी-मराठी भाषांतराचं आणि ऑफिसातलं इंग्रजी शिकवण्याचं काम करते. माणसांवर लावल्या जाणाऱ्या विशेषणांमध्ये इतक्या सहजपणे लिहिला जाणारा आणि इतका खोल लागणारा दुसरा शब्द मला चटकन आठवत नाही. म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी शब्दाची घडण. उच्चार ‘अब्-स्ट्रक्-टिव्ह’, जोर मधल्या ‘स्ट्रक्’वर. मुळात लॅटिनमध्ये ‘ऑब’ म्हणजे समोर किंवा विरुद्ध, आणि ‘स्ट्रुएरे’ म्हणजे रचणं, बांधणं. स्ट्रक्चर, कन्स्ट्रक्शन, इन्स्ट्रक्शन ही सगळी त्याच घरातली भावंडं. म्हणजे ‘ऑब्स्ट्रक्ट’ करणं म्हणजे कुणाच्या तरी वाटेत काहीतरी रचून ठेवणं. रचण्याचं काम आपोआप होत नाही, ते कुणीतरी करतं. म्हणून माणसाच्या बाबतीत हा शब्द आला की ऐकणाऱ्याला ‘हा मुद्दाम करतोय’ असंच ऐकू येतं. ‘अडथळा आणणारा’ या अर्थात तो ‘मुद्दाम’ नीट उतरत नाही, कारण मराठीत रस्त्यात पडलेलं झाडही अडथळा आणतं.

आता त्याच्या दोन शेजाऱ्यांपासून तो वेगळा कसा, हे एका उदाहरणावरून बघू. तुम्ही जुन्या सोसायटीत फ्लॅट विकत घेतलाय आणि शेअर सर्टिफिकेट तुमच्या नावावर करून घ्यायचंय. सेक्रेटरींकडे जाता. ते म्हणतात, “मला यातलं काही माहीत नाही, मॅनेजरला विचारा.” मॅनेजर कधी येतो ते सांगत नाहीत, कुठला फॉर्म लागतो तेही सांगत नाहीत. हा माणूस अनहेल्पफुल. त्याच्याकडे जाऊन तुमचं काम झालं नाही एवढंच हा शब्द सांगतो. त्याच्या मनात काय होतं याबद्दल काही बोलत नाही. कदाचित त्यांना खरंच माहीत नसेल.

दुसऱ्या सोसायटीतले सेक्रेटरी अर्ज घेतात, पण पोच देत नाहीत. फोन उचलत नाहीत. जिन्यात भेटले तर “कमिटीत बघू” म्हणून पुढे जातात. हे अनकोऑपरेटिव्ह. इथे नकार आहे. त्यांनी करायला हवं असलेलं काम ते करत नाहीत, पण तुमच्या वाटेत नवीन काही आणूनही ठेवत नाहीत.

तिसरे सेक्रेटरी फार गोड बोलतात. पहिल्या खेपेला म्हणतात, “इंडेक्स टूची प्रत आणा.” ती नेली की म्हणतात, “नोटरी केलेलं हमीपत्र लागेल.” ते दिलं की आधीच्या मालकाच्या जुन्या मेंटेनन्सच्या पावत्या मागतात. त्याही शोधून नेल्या की फॉर्म उलटसुलट करून बघतात आणि सांगतात, “हा जुना नमुना आहे हो, नवीन भरा.” हे सगळं पहिल्या दिवशी एका कागदावर लिहून देता आलं असतं. हे सेक्रेटरी ऑब्स्ट्रक्टिव्ह. त्यांनी एकदाही ‘नाही’ म्हटलेलं नाही, आवाज चढवलेला नाही, उलट दर वेळी ते मदत करत असल्यासारखंच दिसतं. आणि तरी तिघांत जास्त नुकसान त्यांनीच केलंय.

वर्गात मी शिकवते ती कसोटी यातूनच निघते. समोरच्याने जे मागितलं ते पहिल्या दिवशी सांगता येत होतं का? आणि तेच तो सगळ्यांकडे मागतो का? पहिल्याचं उत्तर ‘हो, येत होतं, पण सांगितलं नाही’ आणि दुसऱ्याचं उत्तर ‘नाही, फक्त माझ्याकडे’ असं आलं, तर ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह’ म्हणायला जागा आहे. तुमच्या बाबतीत मंजुरीचा नियम आधीपासून लिहिलेला असेल, सगळ्यांना सारखा असेल, आणि मंजुरी आली की फाइल तुम्ही लगेच सोडत असाल, तर यातलं एकही उत्तर तुमच्या विरोधात जात नाही.

हेतू महत्त्वाचा, हे नुसतं माझं म्हणणं नाही. कायद्यात आणि खेळाच्या नियमांतही हा शब्द आला की बऱ्याचदा शेजारी इच्छेचा शब्द बसवलेला असतो. ‘सरकारी कामात अडथळा आणल्याप्रकरणी गुन्हा दाखल’ ही बातमी आपण कायम वाचतो. भारतीय न्याय संहितेचं कलम २२१, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेचं १८६, यात सरकारी नोकराला त्याचं काम करताना अडवणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा अडीच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. पण इंग्रजी मजकुरात ‘ऑब्स्ट्रक्ट्स’च्या आधी ‘व्हॉलंटरिली’ आहे. नकळत कुणाच्या मध्ये आलात म्हणून हे कलम लागत नाही.

क्रिकेटमध्येही तसंच. नियम क्रमांक ३७, ‘ऑब्स्ट्रक्टिंग द फील्ड’. फलंदाजाने ‘विलफुली’, म्हणजे जाणूनबुजून, क्षेत्ररक्षकांना अडवलं तरच तो बाद. मे २०२४ मध्ये आयपीएलच्या सामन्यात चेन्नईच्या चेपॉक मैदानावर राजस्थानविरुद्ध रवींद्र जडेजा असा बाद झाला. दुसऱ्या धावेसाठी निघाला, परत फिरला, आणि राजस्थानचा यष्टिरक्षक संजू सॅमसन याचा थ्रो त्याला लागला. तिसऱ्या पंचांनी जडेजाच्या मनात शिरून काही पाहिलं नाही, ते शक्यही नव्हतं. त्यांनी एवढंच पाहिलं की पळता पळता त्याने आपली रेष बदलली का. रेष बदलून तो चेंडू आणि यष्टी यांच्या मधे आला, म्हणून बाद. मला हे उदाहरण फार उपयोगी वाटतं, कारण ऑफिसातही कुणाच्या मनातलं दिसत नाही, पण रेष बदलली का हे मात्र दिसतं. काल ज्या फॉर्मवर काम होत होतं त्यावर आज होत नाही, अमुक एका माणसाची फाइल आली की नवीन अट निघते, ही रेष बदलणं झालं. तुमच्या मॅनेजरला असं एखादं उदाहरण दाखवता यायला हवं.

वैद्यकीय भाषेत मात्र हा शब्द पूर्ण निर्दोष असतो. सीओपीडी या फुफ्फुसांच्या आजाराच्या नावातला ‘ओ’ म्हणजे ऑब्स्ट्रक्टिव्ह. श्वासनलिका अरुंद झाल्यामुळे हवा बाहेर सोडायला त्रास होतो. स्पायरोमेट्रीत, म्हणजे जोरात फुंकून घेतात त्या श्वासाच्या तपासणीत, पहिल्या सेकंदात बाहेर पडलेल्या हवेचं एकूण सोडलेल्या हवेशी प्रमाण ०.७० पेक्षा कमी आलं की डॉक्टर ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह’ लिहितात. झोपेत घसा बंद होऊन श्वास अडकतो त्या स्लीप ॲप्नियालाही तेच विशेषण लागतं. तिथे फक्त वाट अडलेली आहे, दोष कुणाचाच नाही. म्हणून रिपोर्टमध्ये हा शब्द दिसला तर बिचकू नका, आणि मूल्यमापनात दिसला तर ‘तांत्रिक शब्द असेल’ म्हणून सोडूनही देऊ नका.

या शब्दाला राजकारणातही मोठा इतिहास आहे, आणि त्याचा एक धागा आपल्यापर्यंत येतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश संसदेत आयरिश सदस्यांनी ‘ऑब्स्ट्रक्शन’ हे हत्यारच केलं. जोसेफ बिगर यांनी १८७५ मध्ये सरकारी अहवालांतले उतारे वाचत जवळपास चार तास भाषण केलं. पुढे चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल यांच्या नेतृत्वाखाली हे तंत्र इतकं वाढलं की ३१ जानेवारी १८८१ ला सुरू झालेली बैठक २ फेब्रुवारीला, सलग ४१ तासांनी, अध्यक्ष हेन्री ब्रँड यांना स्वतःच्या अधिकारात थांबवावी लागली. चर्चा बंद करण्याचे नियम संसदेने केले ते त्यानंतर. सरकारपक्षाच्या तोंडी ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह’ ही शिवी होती, आयरिश लोकांना मात्र तो अभिमानाचा बिल्ला वाटत होता.

चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरू यांनी १९२३ मध्ये स्वराज्य पक्ष काढला तेव्हा हीच कल्पना आपल्याकडे आली. कौन्सिलात, म्हणजे त्या वेळच्या कायदेमंडळात, शिरायचं आणि आतून एकसारखी, अखंड अडवणूक करायची. महाराष्ट्रातल्या न. चिं. केळकर, मु. रा. जयकर, डॉ. मुंजे या मंडळींना पुढे ते पटेनासं झालं. त्यांना टिळकांची ‘प्रतियोगी सहकारिता’ हवी होती: सरकार जितकं सहकार्य करेल तितकं आपण करू, ते अडवील तिथे आपणही अडवू. म्हणजे सहकार्य, असहकार आणि अडवणूक या तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्यांतली निवड विचारपूर्वक करायची असते, हा वाद आपल्या लोकांनी शंभर वर्षांपूर्वी जाहीरपणे घातलेला आहे. ऑफिसच्या इमेलमध्ये तिन्हींची खिचडी होते तेव्हा मला म्हणूनच वाईट वाटतं.

‘असहकार’वरून एक व्यावहारिक मुद्दा. १९२० च्या चळवळीमुळे ‘नॉन-कोऑपरेशन’ हा शब्द भारतीय इंग्रजीत पक्का बसला, आणि त्यावरून आपण माणसालाही सर्रास ‘नॉन-कोऑपरेटिव्ह’ म्हणतो. लंडनचा माणूस तिथे ‘अनकोऑपरेटिव्ह’ म्हणेल. चुकीचं दोन्हीही नाही, पण ‘नॉन-कोऑपरेटिव्ह’ला तांत्रिक वास आहे. गणितज्ञ जॉन नॅश यांच्या १९५० च्या प्रिन्स्टनमधल्या प्रबंधामुळे गणितात ‘नॉन-कोऑपरेटिव्ह गेम’ ही संज्ञा रुळली, तिथे कुणी वाईट वागत नसतं. प्रत्येक जण आपापला निर्णय स्वतंत्रपणे घेतो एवढंच. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१४ च्या परिपत्रकात ‘नॉन-कोऑपरेटिव्ह बॉरोअर’ची व्याख्या केली होती, पाच कोटी आणि त्यावरच्या कर्जदारांसाठी, आणि त्या व्याख्येत तारण मालमत्तेच्या विक्रीत अडथळे आणणं हा मुद्दाही होता. अशी व्याख्या समोर नसेल, साध्या माणसाबद्दल साधं लिहायचं असेल, तर ‘अनकोऑपरेटिव्ह’च बरा.

आता व्याकरण. इथे एका छोट्या शब्दाने केवढा फरक पडतो ते बघा. ‘ही इज ऑब्स्ट्रक्टिव्ह’ म्हणजे त्याचा स्वभावच तसा आहे. ‘ही इज बीइंग ऑब्स्ट्रक्टिव्ह’ म्हणजे सध्या, या कामात, तो तसं वागतोय. पहिल्यात माणसावर शिक्का मारला, दुसऱ्यात वागण्यावर बोट ठेवलं. मराठीत पहिल्याला ‘तो अडेलतट्टू आहे’ आणि दुसऱ्याला ‘तो अडवणूक करतोय’ म्हणू. तुमच्या मॅनेजरचं ‘कॅन बी… ॲट टाइम्स’ या दोन्हींच्या मधे येतं. ऐकायला सौम्य वाटतं, पण त्यात ‘कधी’ आणि ‘कुठे’ काहीच नसल्याने खोडून काढायला अवघड. ब्रिटिश लेखनात ‘रादर’, ‘अ बिट’, ‘ॲट टाइम्स’ अशी मलमं बहुतेक वेळा कडक शब्दाच्याच शेजारी येतात, त्यामुळे त्यांच्यावर विसंबून शब्द हलका समजू नका. राजनैतिक भाषेत तर नुसतं ‘अनहेल्पफुल’ म्हणणंसुद्धा नाराजीचा ठळक इशारा मानला जातो.

सोबत येणारे शब्द: ‘डेलिबरेटली ऑब्स्ट्रक्टिव्ह’ फार ऐकू येतं. बिहेव्हियर, ॲटिट्यूड, टॅक्टिक्स यांच्या आधीही हे विशेषण नीट बसतं. आपल्याकडच्या दोन चुका मला नेहमी दिसतात. एक म्हणजे ‘ऑब्स्ट्रक्टिंग नेचर’. ‘अडवा स्वभाव’ डोक्यात असतो, त्याचं ते रूप. इंग्रजीत तिथे ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह’च लागेल. दुसरी चूक ‘ऑब्स्ट्रक्टेड’ आणि ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह’ यांची अदलाबदल. ‘ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू’ म्हणजे खांबामुळे अडलेलं दृश्य. ज्याची वाट अडली तो ‘ऑब्स्ट्रक्टेड’, ज्याने अडवली तो ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह’. तक्रारीच्या पत्रात ही अदलाबदल झाली तर तक्रारदारच आरोपी होतो.

कानाला जवळचे वाटणारे दोन शब्द यात मिसळू नयेत. ‘ऑब्स्ट्रेपरस’ म्हणजे आरडाओरडा करणारा, आवरता न येणारा. दारू पिऊन दंगा करणाऱ्याला किंवा हट्टाला पेटलेल्या मुलाला ते लागतं. ‘ऑफिशियस’चा ‘ऑफिशियल’शी अर्थाने संबंध नाही. न मागता मदतीला धावून येणारा, अधिकार नसताना लुडबुड करणारा तो ऑफिशियस. गंमत म्हणजे अठराव्या शतकात तो कौतुकाचा शब्दही होता. इंग्रजी कोशकार सॅम्युएल जॉन्सन यांनी १७८२ मध्ये वारलेल्या आपल्या मित्राला, गोरगरिबांवर उपचार करणाऱ्या रॉबर्ट लेव्हेट यांना, याच शब्दाने गौरवलं आहे: तत्पर, कामाला येणारा माणूस या अर्थाने. आज कुणाला तसं म्हणाल तर तो दुखावला जाईल.

मराठीत या वागण्यासाठी शब्दांचा तुटवडा नाही, उलट इंग्रजीपेक्षा आपली वाटणी बारीक आहे. चालू कामात मधेच अडचण आणली तर ‘खोडा घातला’. खोडा म्हणजे कैद्याचे पाय अडकवायचं लाकूड. ‘कोलदांडा’ही तसाच जुन्या शिक्षेतून आलेला, हातपाय बांधून मधून दांडा घालायचा. ठरलेल्या बेतात कुणी ऐनवेळी शंका काढली तर ‘मोडता घातला’. परवानगी रोखून धरली तर ‘आडकाठी’. स्वतः काहीच न करता या टेबलावरून त्या टेबलावर पाठवत राहिला तर ‘टोलवाटोलवी’. दुसऱ्याचं बिघडलेलं बघून सुखावणारा तो ‘विघ्नसंतोषी’. आपलं मत सोडत नाही तो ‘आडमुठा’, पण आडमुठा माणूस लपवाछपवी करत नाही, त्यामुळे त्याला ऑब्स्ट्रक्टिव्ह म्हणणं अन्यायाचं होईल. या सगळ्यांत ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह’ला जवळचा शब्द ‘अडवणूक करणारा’, कारण अडवणूक नेहमी कुणीतरी कुणाची तरी करतो. भाषांतरात मी शक्यतो हाच घेते. ‘असहकार्यात्मक’ वगैरे कारखान्यात बनवलेले शब्द कृपा करून वापरू नका.

तुमच्यासारख्या नियम पाळणाऱ्या माणसावर हा शब्द वारंवार का येतो, हा यातला नाजूक भाग. कारण खरी अडवणूक आणि खरी शिस्त बाहेरून सारखीच दिसतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या ओएसएस या गुप्तचर संघटनेने जानेवारी १९४४ मध्ये शत्रूच्या ताब्यातल्या देशांतल्या सामान्य नागरिकांसाठी साध्या घातपाताची एक पुस्तिका तयार केली. तिच्यात यंत्रं बिघडवण्याच्या युक्त्या आहेतच, पण कार्यालयं खिळखिळी करायच्याही आहेत. प्रत्येक गोष्ट ठरलेल्या मार्गानेच झाली पाहिजे असा आग्रह धरा, झटपट निर्णयासाठी कुणालाही जवळचा रस्ता घेऊ देऊ नका. प्रत्येक विषय समितीकडे पाठवा आणि समिती मोठी ठेवा, पाचाहून कमी माणसं नकोत. पत्रांतल्या आणि ठरावांतल्या नेमक्या शब्दांवरून वाद घाला. मागच्या बैठकीत ठरलेला विषय पुन्हा उकरून काढा. यातली एकही गोष्ट नियमबाह्य नाही. या पुस्तिकेमुळे मला एक पक्कं कळलं: नियम दाखवणं हा अडवणुकीचा पुरावा नाही आणि निर्दोषपणाचाही नाही. त्या नियमातून पुढे जायची वाट तुम्ही दाखवलीत का, यावर सगळं ठरतं.

इथे तुमच्या इमेलकडे एकदा नजर टाका असं मी सुचवेन. आपण मराठी माणसं इंग्रजीत कामाचं तोडून लिहितो. ‘अप्रूव्हल नॉट रिसीव्ह्ड. कॅनॉट प्रोसेस.’ आपल्याला हे स्वच्छ आणि प्रामाणिक वाटतं. तिकडच्या माणसाला त्यात फक्त बंद दार दिसतं. तेच असं लिहून बघा: ‘आय ॲम रेडी टू रिलीज धिस टुडे. ऑल आय नीड इज द फायनान्स अप्रूव्हल. शॅल आय चेज देम, ऑर वुड यू प्रिफर टू?’ नियम तोच राहिला, फाइल तिथेच थांबली, पण काय हवं, कुणाकडून हवं आणि मी काय करायला तयार आहे हे तिन्ही आलं. असं लिहिलेले इमेल जपून ठेवले की ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह’ हा शब्द टिकत नाही. तुमचे जुने इमेल तुटक असतील तर त्याने तुम्ही दोषी ठरत नाही, पण मॅनेजरला तसं का वाटलं असेल हे कळेल, आणि उत्तर लिहिताना त्याचा उपयोग होईल.

उत्तर लेखीच द्या, आणि छोटं. ‘मी ऑब्स्ट्रक्टिव्ह नाही’ असं लिहू नका. विशेषणाला विशेषणाने उत्तर दिलं की वाद स्वभावावर जातो आणि तिथे मॅनेजरचंच मत वरचढ ठरतं. त्याऐवजी प्रसंग मागा: ‘कुड यू शेअर द स्पेसिफिक इन्स्टन्सेस यू हॅड इन माइंड? आय वुड लाइक टू अंडरस्टँड व्हेअर द डिलेज केम फ्रॉम.’ सोबत तीन-चार फायलींची साधी यादी जोडा: कधी आली, कुठली मंजुरी बाकी होती, तुम्ही कळवलं कधी, मंजुरी आली कधी, सोडली कधी. शेवटच्या दोन तारखा लागोपाठच्या असतील तर वेगळं काही सांगायची गरज नाही. मग विनंती करा की वाक्य बदलून ‘फायली मंजुरीअभावी थांबल्या’ अशा अर्थाचं करावं, कारण घडलं ते तेच. बहुतेक समजूतदार मॅनेजर बदलतात. नाही बदललं तर तुमचं म्हणणं त्याच कागदपत्रात नोंदवून घ्यायला सांगा. दोन वर्षांनी बढतीच्या वेळी मूल्यमापन वाचणाऱ्याला ना तुम्ही माहीत असाल ना तो प्रसंग, त्याला फक्त ते एक विशेषण दिसेल. एखाद्या कष्टाळू माणसाची बढती एवढ्याने अडलेली मी पाहिली आहे, म्हणून हे कळकळीने सांगते.

राहिला तुमच्या टीममधला मुलगा. तो काय करतो ते तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे निकाल मी देणार नाही. पण आधी ती सोसायटीची तीन उदाहरणं त्याला लावून बघा. त्याला काम येत नसेल आणि म्हणून तो हात वर करत असेल तर तो अनहेल्पफुलसुद्धा नाही, त्याला शिकवायला हवं. येत असूनही करत नसेल तर ‘अनकोऑपरेटिव्ह’, आणि तेही ‘ऑन धिस प्रोजेक्ट’ असं जोडून. दुसऱ्यांचं काम त्याने मुद्दाम अडवलं याचे तारखेसह दोन तरी प्रसंग तुमच्याकडे असतील तर ते प्रसंगच लिहा: अमुक तारखेला त्याने अमुक डेटा मागितला, तो दिल्यावर दुसरा मागितला, दोन्ही गोष्टी त्याला आधीपासून माहीत होत्या, त्यामुळे काम नऊ दिवस थांबलं. एवढं लिहिल्यावर ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह’ लिहायची गरज उरत नाही, वाचणारा स्वतःच तिथे पोहोचतो. आणि अहवाल वर पाठवण्याआधी ते प्रसंग एकदा त्याच्यासमोर ठेवा. त्याच्याकडेही कुठली तरी मंजुरी अडकलेली असू शकते.